बादलीतला समुद्र

लॅपटॉपचा कीबोर्ड उचलला आणि आतून पांढरी भुकटी टेबलावर सांडली. मी चिमूटभर उचलून वास घेतला, मग जिभेच्या टोकाला लावली. मीठ होतं.

चाय सांडलेले, सरबत सांडलेले, एकदा तर वाटीभर कढी प्यायलेला लॅपटॉपही मी दुरुस्त केला होता. पण मीठ पहिल्यांदाच बघत होते. समोर स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या असाव्यात. सुती साडी, पायात पळायचे बूट, डोक्यावर पांढरी कापडी टोपी. पर्समधून वही काढून पेन उघडून तयार.

"यात मीठ कसं गेलं?" मी विचारलं.

"मी घातलं."

"घातलं म्हणजे?"

"म्हणजे एका लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ कालवलं, बादलीत, आणि हाताने वरून शिंपडलं. समुद्राचं पाणी ग्वाल्हेरला मी कुठून आणणार, सांग बरं? किती वेळ चालतो ते बघायचं होतं. अकरा मिनिटं चालला. बुरा नहीं है." त्यांनी वहीत बघून खात्री केली. "आता मला हे सांग, की आधी काय गेलं? कीबोर्ड की बोर्ड?"

दुकानात इतकी वर्षं बसून मला माणसं ओळखता येतात असा माझा समज होता. त्या दिवशी तो गेला.

नई सडकेच्या आतल्या एका गल्लीत माझं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तिथे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त व्हायचे. ते गेल्यावर मी डिप्लोमा पुरा करून लॅपटॉप आणि टॅब्लेटचं काम सुरू केलं. आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर दख्खनहून आलेलं. घरातल्या बायकांनी हातात स्क्रूड्रायव्हर धरायची रीत नव्हती. गिऱ्हाईक यायचं, काउंटरमागे मला बघायचं आणि विचारायचं, "भैया कब आएँगे?" भैया कोणी नाहीये, मीच आहे, हे सांगण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली. तेव्हाच मी एक गोष्ट पक्की करून ठेवली होती: आपलं चुकलं असं कधी म्हणायचं नाही. वायरची एखादी पट्टी माझ्या हातून तुटली तर ती आधीच तुटलेली होती. काम राहिलं तर पार्ट आला नव्हता. पुरुषाची चूक लोक विसरतात, माझी झाली तर "लेडीज है न" म्हणून गल्लीभर होईल, असं मला वाटायचं. आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

बाईंनी मात्र भैयाची चौकशी केली नाही. कीबोर्ड गेलाय, बोर्ड धुऊन वाचेल, असं मी म्हटल्यावर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, वेळ टाकली, आणि म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी घरी ये. हरिशंकरपुरमला. बाकीचे पेशंट तिथे आहेत."

त्यांना सगळे बाईच म्हणायचे. लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. लग्न केलेलं नव्हतं. घर एकमजली, पुढे तुळस आणि कढीपत्ता, आणि वर मोकळं छत. त्या छतावर मे महिन्याच्या भर दुपारी जे चालायचं ते बघायला पुढे मीही दुकान बंद करून जाऊ लागले.

एका चारपाईवर चादर अंथरलेली. तिच्यावर ओळीने टॅब्लेट मांडलेले, चालू, पूर्ण उजेडात, प्रत्येकावर समुद्राचा नकाशा. एक उघडा, एक प्लास्टिकच्या पिशवीत, एक पांढऱ्या ओल्या फडक्याखाली, एक काळ्या कव्हरात. बाई टोपी घालून, छत्री धरून शेजारी स्टुलावर. टॅब्लेट तापून तापून स्वतःहून बंद पडायचा, की बाई घड्याळ बघून वहीत आकडा लिहायच्या. "काळ्या कव्हरातला गेला. सतरा मिनिटं."

पलीकडच्या छतावर शेजारच्या भाभीजी डाळीच्या बड्या वाळत घालायच्या. त्यांनी बरेच दिवस मुकाट्याने बघितलं, मग एकदा राहवलं नाही.

"दीदी, ये भी सुखाने पड़ते हैं क्या?"

"हाँ," बाई मान वर न करता बोलल्या, "अभी कच्चे हैं."

सुरुवातीला मला तो नुसता विक्षिप्तपणा वाटला. मग एका संध्याकाळी चाय पिताना मी विचारलंच, की बाई, हे सगळं कशासाठी?

बाईंच्या बहिणीचा मुलगा नोकरी सोडून कोकणात राहायला गेला होता. त्याने एक जुनी शिडाची नाव घेतली होती. रिटायर झाल्यावर बाई त्याच्याकडे गेल्या. तोवर त्यांनी समुद्र बघितला नव्हता. भूगोलाच्या बाईंनी समुद्र बघितला नव्हता, हे त्या स्वतःच दोनदा सांगायच्या, म्हणजे ऐकणाऱ्याने नीट ऐकावं. भाच्याने त्यांना नावेवर बसवलं आणि हातात टॅब्लेट दिला. नकाशावर एक छोटीशी नाव दिसत होती, ती म्हणजे आपण, आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश होते.

"एकतीस वर्षं मी पोरींना ते आकडे पाठ करायला लावले," बाई म्हणाल्या. "ग्वाल्हेर सव्वीस अंश उत्तर. घोटून घोटून. मला स्वतःला ते म्हणजे भिंतीवरच्या नकाशातल्या रेघा. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आकडे पळत होते. मी बसलेली होती आणि माझे अक्षांश बदलत होते. मी तिथे रडली न. भाचा घाबरला, त्याला वाटलं मला उलटी होणार."

परत आल्यावर त्यांनी भाच्याला फोनवर विचारायला सुरुवात केली. टॅब्लेट उन्हात बंद पडला तर? खारं पाणी उडालं तर? वीज पडली तर? भाचा प्रत्येक वेळी "बघू मावशी" म्हणायचा. तेव्हा बाईंनी ठरवलं की आपणच बघू. आणि बघायला ग्वाल्हेरसारखी जागा नाही. "इथल्या मे महिन्यात जो एक तास टिकला," त्या म्हणायच्या, "त्याला कोकणात काय होतंय?"

भाच्याच्या ओळखीचे आणखी चार-पाच नाववाले होते. त्यांनाही हे कळलं आणि ते आपापले जुने टॅब्लेट कुरियरने पाठवू लागले. हरिशंकरपुरमचा कुरियरवाला बाईंना "नाववाली मैडम" म्हणायचा. उरलेलं शहर त्यांना काय म्हणत होतं ते मी इथे लिहीत नाही.

त्यांच्या सवयी एकेक होत्या. पाण्याची चकाकी अडवणारा उन्हाचा एक चष्मा त्यांनी आणला आणि शोध लावला की तो घालून टॅब्लेट आडवा धरला तर दिसतो आणि उभा धरला की स्क्रीन काळी ठिक्कर पडते. हे कळल्यावर त्या आठवडाभर चष्मा घेऊन माझ्या दुकानात येत होत्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तो चढवत होत्या. "आता फिरवा. दिसलं? नाही न! समुद्रात असं झालं तर माणूस म्हणेल टॅब बिघडला, आणि बिघडलेला असतो चष्मा." चार्जर न्यायला आलेला माणूस बिचारा मान हलवायचा.

टॅब्लेटच्या कव्हरात लोहचुंबक असतं आणि ते शेजारी ठेवलं की होकायंत्राची सुई सरकते, हे त्यांनी स्वयंपाकघरात पोळपाटावर होकायंत्र ठेवून मला दाखवलं. ते होकायंत्र पुढे कायम पर्समध्ये असायचं. ऑटोत बसल्या की त्या ड्रायव्हरला डावं-उजवं सांगायच्या नाहीत. "भैया, चौराहे से दक्षिण-पश्चिम लीजिए."

"माताजी, मंदिर की तरफ कि पेट्रोल पंप की तरफ?"

"वो मुझे नहीं मालूम. दक्षिण-पश्चिम."

विजा चमकत असताना एक टॅब्लेट बंद धातूच्या भांड्यात ठेवावा, म्हणजे बाकीचे जळले तरी तो वाचेल, असं कुठेतरी वाचून त्यांनी स्वतःचा मोठा कुकर काढला. आत फोन ठेवून झाकण लावलं आणि मला बाहेर उभं करून फोन लावायला सांगितला. कुकरातून घंटी वाजली, म्हणजे लहरी आत जात होत्या. बाई खूप नाराज झाल्या. दिवसभर कुकरशी बोलल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. वरण पातेल्यात शिजलं.

या सगळ्यात त्यांनी मला नकाशा वाचायला शिकवलं. माझ्याकडून काम करून घेतात असं मला वाटायचं, पण त्या शिकवत होत्या.

"हा बघ ग्वाल्हेर," एकदा त्यांनी टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला. "काय दिसतंय?"

"किल्ला. स्टेशन. मोठे रस्ते."

"तुझं दुकान दिसतंय?"

"नाही."

"म्हणजे तुझं दुकान नाहीये?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन बोटांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा नई सडक आली, गल्ली आली, आणि शेवटी माझ्या दुकानाचं नाव आलं.

"कागदाचा नकाशा जे छापलं ते दाखवतो," त्या म्हणाल्या. "हा तसा नाही. हा लांबून बघितला की बारीक गोष्टी गाळून टाकतो, नाहीतर गर्दी होईल. समुद्रात पण तसंच. लांबून बेटं दिसतील, बंदर दिसेल, पण पाण्याखालचा एकटा खडक दिसणार नाही. स्क्रीन साफ दिसते म्हणून समुद्र साफ नसतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टेबलाशी बसायचं आणि आपल्या वाटेची सगळी रेघ मोठी करून, बोटाबोटाने बघायची. शुरू से आखिर तक. एकदा निघाल्यावर वारा असतो, पाणी असतं, मग कोण बघतंय?"

त्या जानेवारीत बाई मला म्हणाल्या, "तू चल." नावेवर लॅपटॉप आणि दोन टॅब्लेट बसवायचे होते, त्यांचं चार्जिंग लावायचं होतं. "तिथे काही बिघडलं तर मी काय नई सडकेला आणू?" आईने नाही-हो करत परवानगी दिली. दुकानाला मी आठ दिवस कुलूप लावलं. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा.

भाचा चाळिशीचा, दाढीवाला, कमी बोलणारा माणूस होता. मला तो पहिल्या मिनिटापासून ताई म्हणू लागला. नाव अठ्ठावीस फुटांची. मागे सुकाणू, तिथे एक टॅब्लेट मी पांढऱ्या कव्हरात बसवला. आत खोलीत छोटं टेबल, त्यावर लॅपटॉप. दुसरा टॅब्लेट बंद करून, फॉइलमध्ये गुंडाळून, डब्यात. दोन दिवस मी वायरी ओढण्यात घालवले आणि ते दोन दिवस मी मजेत होते, कारण ते माझं काम होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही देवगडच्या खाडीत नांगर टाकून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणला निघायचं. भाचा या किनाऱ्याने अनेकदा गेलेला, पण बराच बाहेरून. या वेळी बाईंना शेवटच्या टप्प्यात किनाऱ्याच्या जवळून जायचं होतं, मालवणचा समुद्रातला किल्ला नीट बघायचा होता. त्यांनी नकाशावरची वाटेची रेघ स्वतःच आत, किनाऱ्याकडे ओढली.

संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. बाईंनी रेघेचे सहा तुकडे पाडले. पहिले तीन त्यांनी बघितले आणि मी वहीत टिकमार्क केल्या. चौथ्याला त्यांचे डोळे दुखायला लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. "पुढचं तू कर," म्हणून त्या वर हवेत जाऊन बसल्या.

चौथा मी नीट केला. पाचवाही केला. तोवर नाव लाटांवर डोलत होती, स्क्रीन डोलत होती, आणि पोटात ढवळायला लागलं. मी डोळे मिटून टेबलावर डोकं ठेवलं. सहावा तुकडा उघडला, लांबूनच एकदा बघितला. निळं, पांढरं, साफ. मी लॅपटॉप मिटला.

"झालं?" बाईंनी वरून विचारलं.

"झालं. साफ आहे."

त्यांनी खाली येऊन सहाव्या तुकड्यापुढे टिकमार्क केली. माझ्याकडे नुसतं बघितलंही नाही. कशाला बघतील?

ते खोटं बोलताना मला काहीच वाटलं नाही, हे मी लिहून ठेवते. जीभ सरावलेली होती. पार्ट आला नाही, पट्टी आधीच तुटलेली होती, साफ आहे.

सकाळी जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यावर आम्ही निघालो. मग वारा पडला, आणि दुपारी वायव्येकडून छान भरला. शिडं फुगली. बाई टॅब्लेटपाशी, भाचा सुकाणूवर. मी कडेला बसले होते. बाईंनी डब्यातून चिवडा काढला, आम्ही खाल्ला. त्या आनंदात होत्या. दर थोड्या वेळाने अक्षांश मोठ्याने वाचत होत्या, मुलींना कविता म्हणून दाखवावी तशा. एकदा त्या म्हणाल्या, "पाचवा तुकडा संपला. आता सहावा. आता किल्ला दिसेल."

आणि मला काल मिटलेला लॅपटॉप आठवला.

मी टॅब्लेटकडे बघितलं. सगळी वाट एका स्क्रीनवर मावावी एवढा नकाशा लहान केलेला होता. साफ. डावीकडे किनारा आधीपेक्षा जवळ आलेला, माडांची रांग दिसत होती. मी स्वतःशी म्हटलं, काही नसेल. कशाला असेल? एवढा मोठा समुद्र आहे. आणि आता बोलले तर हे दोघं काय म्हणतील? भाचा म्हणेल, मावशीने कोणाला उचलून आणलं. बाई म्हणतील... बाई काय म्हणतील ते मला सुचेना, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. गुपचूप खाली जाऊन आता बघून घ्यावं, असंही मनात आलं. काही नसलं तर कोणाला कळणारही नाही. मी उठलेही. पण खाली जायच्या दोन पायऱ्यांवर पोचले आणि लॅपटॉप उघडून, सुरू होऊन, नकाशा येईपर्यंत किती वेळ जाईल ते मला माझ्या धंद्यामुळे नेमकं माहीत होतं.

मी वळले.

"बाई, मी सहावा तुकडा बघितला नव्हता."

त्यांना ऐकू आलं नाही. वारा होता. मला पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. "सहावा मी बघितला नाही! काल खोटं बोलले!"

बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या भाच्याकडे वळल्या. "वळव. बाहेर, पश्चिमेला. आधी वळव, मग बोलू."

भाच्याने सुकाणू ढकललं. शिडं फडफडली, दोऱ्या कडकडल्या, नाव एका अंगावर कलली आणि चिवड्याचा डबा घरंगळत गेला. मी गुडघ्यांवर आपटले. नाव बाहेर निघाली, किनारा हळूहळू मागे पडायला लागला, तेव्हा बाईंनी टॅब्लेटवर दोन बोटं ठेवली आणि आमची जुनी रेघ जिथे जाणार होती तिथला नकाशा मोठा केला. मग आणखी मोठा केला.

टिंबांच्या वर्तुळात एक छोटीशी फुली होती, पाण्याखालच्या खडकाची खूण. आमच्या रेघेला जवळजवळ चिकटून.

आम्ही तिघं त्या दिशेला बघत राहिलो. पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. मग एक मोठी लाट आली, आणि त्या एका जागी ती फुटली, पांढरी झाली, आणि पुन्हा सगळं सपाट.

"आपण त्याच्यावर गेलो असतो का?" भाच्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"बाजूने गेलो असतो, कदाचित," बाई म्हणाल्या. "कदाचित नाही."

मी खाली बसून रडायला लागले. भाचा माझ्याकडे बघेना. बाई आल्या, माझ्या शेजारी बसल्या, बूट काढून पाय पसरले. मग म्हणाल्या, "रेघ मीच आत ओढली होती. आणि टिकमार्क मीच केली, न बघता. तू एकटी नाहीयेस यात."

"पण खोटं मी बोलले."

"हो. ते तू बोललीस." त्यांनी ते सोडून दिलं नाही. "शाळेत मुली अभ्यास करून यायच्या नाहीत, की सांगायच्या, बाई, वही घरी राहिली. एकतीस वर्षं मी ऐकलं. मी रागवायची इतकी, की त्यांनी वहीच घरी ठेवायला सुरुवात केली असणार. नंतर समजलं मला, रिटायर झाल्यावर. तेव्हा काय उपयोग? आज तू बोलली नसतीस तर? सोच."

मी सोचलं. अजूनही कधी कधी सोचते.

मालवणला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मला वाटलं होतं की आता परतीच्या वाटेचा नकाशा बाई स्वतः बघतील, किंवा भाचा बघेल, आणि मला वायरींपाशी बसवतील. मी तशी तयारीही केली होती. त्यात मला अपमान वाटणार नाही असं स्वतःला समजावलं होतं. चाय झाल्यावर बाईंनी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"परतीचे पाच तुकडे आहेत. पाचही तू कर."

"तुम्ही नंतर बघाल ना?"

"नाही. मी नाही बघणार. झालं की सांग, आम्ही निघू."

भाच्याने मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो उठून दोऱ्या आवरायला लागला.

मी ती रेघ तीनदा बघितली. दोन बोटांनी मोठी करून, टोकापासून टोकापर्यंत. पोटात ढवळलं तेव्हा वर जाऊन ओकून आले, चूळ भरली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. एका जागी मला शंका आली, तर मी जाऊन सांगितलं, "इथे मला खात्री नाही." भाच्याने वाकून बघितलं आणि रेघ थोडी बाहेर सरकवली. "बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी शाबासकी दिली असेल. माझ्या लक्षात ही राहिली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. बाई पुढे प्रत्येक हिवाळ्यात कोकणात जाऊ लागल्या, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी हरिशंकरपुरमचं घर भाड्याने देऊन तिकडेच मुक्काम हलवला. बंदराजवळ एक खोली घेतली आहे. मासेमारीवाल्या बायका त्यांच्याकडे आपल्या नवऱ्यांचे फोन आणि टॅब्लेट घेऊन येतात, नकाशा कसा बघायचा ते विचारतात. कुकर घेऊन गेल्या आहेत. त्यात आता वरण शिजतं की नाही, माहीत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एक वयस्कर गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले होते. फार हळू चालतो म्हणाले. त्यात त्यांच्या गेलेल्या बायकोची गाणी होती, घरच्या पूजेत, सणाला म्हटलेली, त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेली. ती आधी दुसरीकडे काढून ठेवायची होती. मी काढून ठेवली असं समजून डिस्क पुसली. काढलेली नव्हती. चार दिवस मी सगळे उपाय करून बघितले. तीन गाणी परत आली, तीही तुटकी. बाकीची गेली.

डिस्क आधीच खराब होती, असं सांगता आलं असतं. त्यांना काही कळलं नसतं. कोणालाच कळलं नसतं.

ते आले तेव्हा मी काउंटरच्या बाहेर आले, त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. "अंकल, गलती मेरी है. मैंने देखा नहीं." त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. अर्धा ग्लास प्यायले, ती तीन गाणी पेनड्राइव्हवर घेतली आणि गेले. परत दुकानात आले नाहीत. परवा नई सडकेवर समोरून येताना दिसले. मी मान खाली घातली. जवळून जाताना त्यांनीच हात जोडले.

तिथून दुकानात येऊन मी बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या मधे बोलल्या नाहीत, जे त्यांच्या स्वभावात नाही.

"मग, ते काही बोलले?" शेवटी विचारलं.

"नाही. पाणी प्यायले आणि गेले."

"आणि तू? त्या दिवशी काय केलंस?"

"दुकान बंद केलं, घरी गेले. रडले. जेवले नाही. झोपले."

"झोप लागली?"

मी आठवून बघितलं. "लागली," मी म्हटलं. "लागली, बाई."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

मला त्यांचे आभार मानायचे होते. इतक्या वर्षांत कधी मानले नव्हते, आणि कशाबद्दल ते नीट एका वाक्यात बसतही नव्हतं. मी सुरुवात केली, "बाई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं," तेवढ्यात पलीकडून भाच्याची हाक आली, "मावशी, वारा आला!" आणि बाई "आली, आली" करत निघाल्या. फोन बंद करायचं त्यांना भान नव्हतं. तो नावेतच कुठेतरी फळीवर तसाच राहिला. गल्लीतून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. मी शटर अर्धं ओढलं, आणि फोन कानाला लावून, लाकडावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत बराच वेळ बसले.